चांदबी : नावामागचा इतिहास

आमच्या लहानपणी मेहकरच्या मोहल्ल्यात "ए चांदबी!" अशी हाक आली, की दोन-तीन घरांतून ओ यायची. कुणाची दादी चांदबी, कुणाची खाला चांदबी. आता ही हाक कानावर येत नाही. घरात मुलगी जन्मली, की नावांच्या पुस्तिका चाळल्या जातात. मोबाईलवर शोध घेतला जातो. एखाद्या बुजुर्गाने ‘चांदबी’ सुचवलेच, तर तरुण मंडळी म्हणतात, "हे अडाणी नाव आहे. शिवाय अरबी नाही, मग ते इस्लामी कसे?" हा प्रश्न एका नावापुरता नाही. आम्ही कोण आणि कुठले, हेच त्यात विचारलेले आहे. म्हणून या नावाचा माग काढावासा वाटला.

‘चांदबी’ हे दोन शब्दांचे नाव आहे. संस्कृत ‘चंद्र’, प्राकृत ‘चंद’ आणि त्यातून आलेला आपला ‘चांद’. ‘बीबी’ हा शब्द फारसी-तुर्की भाषांच्या मुलखातून इकडे आला. घरची मालकीण, प्रतिष्ठित स्त्री असा त्याचा अर्थ. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची कबर जिथे आहे, त्या औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) वास्तूला लोक ‘बीबी का मकबरा’च म्हणतात. दक्खनच्या बोलीत ‘बीबी’चे ‘बी’ झाले आणि ते नावाला चिकटले. फातमाबी, हुसेनबी, रमजानबी, चांदबी. शेजारच्या मराठी घरात जशी सखूबाई, तशी आमच्या घरात चांदबी. मान देण्याची रीत एकच, शब्द तेवढा वेगळा.

मग अरबी नसलेले नाव चालते काय? पैगंबरांनी (स.) ‘अवज्ञा करणारी’ अशा अर्थाचे एका मुलीचे नाव बदलून ‘जमीला’ ठेवले, हे हदीसमध्ये आहे. तिथे आक्षेप अर्थाला होता. बदललेले नाव तर अरबीच होते. शिरीन, परवीन, मेहताब ही फारसी नावे आपण बिनदिक्कत ठेवतो. अरबीतला ‘कमर’, फारसीतला ‘माह’ आणि आपला ‘चांद’ यांचा अर्थ एकच. फारसी चालते आणि आपल्या मातीतले चालत नाही, हा न्याय कुठला?

या नावाला इतिहासात मोठी जागा मिळवून दिली ती अहमदनगरच्या चांदबीबीने. ती पहिल्या हुसेन निजामशहाची मुलगी आणि विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाची बेगम. १५८० मध्ये पती मारला गेल्यावर लहानग्या इब्राहिम आदिलशहाच्या वतीने तिने विजापूरचा कारभार पाहिला. पुढे ती माहेरी परतली. १५९५ मध्ये अकबराचा मुलगा मुराद याने अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला, तेव्हा ती स्वतः खिंडारावर उभी राहिली आणि रातोरात ते बुजवून घेतले. किल्ला वाचला. मात्र १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. १६०० मध्ये, मोगल पुन्हा किल्ल्याशी आले असताना, तिच्याच माणसांनी तिचा खून केला आणि त्यानंतर किल्ला पडला.

त्या तहातल्या वऱ्हाडात आमचे मेहकरही आले. ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी आहे, तीत मेहकरचे नाव आहे. म्हणजे पैनगंगेकाठचे आमचे गाव मोगलांकडे गेले, ते चांदबीबीने केलेल्या तहाने. आमच्या दाद्यांची नावे तिच्यावरूनच ठेवली होती, असा दावा आम्ही करणार नाही. पण जे नाव सुलतानाच्या मुलीला चालले, तेच कष्टकऱ्यांच्या लेकींनाही चालले, हे खरे.

लोकांनी मात्र तिला विसरू दिले नाही. अहमदनगरजवळच्या (आजचे अहिल्यानगर) डोंगरावर सलाबतखानाची कबर आहे. लोक तिला ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतात. इमारत एकाची, नाव दुसरीचे! पुढे निजामाच्या हैदराबादेत उर्दू कवयित्री माहलका बाई (१७६८-१८२४) होऊन गेली. ‘माहलका’ म्हणजे चंद्रमुखी, हा दरबारी किताब. तिचे मूळ नाव होते चंदा. कवितेखाली ती हेच नाव घालत असे. दरबाराने फारसी चंद्र दिला, तरी तिने घरचा चंद्र टाकला नाही.

आज हे नाव टिकवणे सोपे राहिलेले नाही. एका कागदावर ‘चांदबी’, दुसऱ्यावर ‘चांद बी’, तिसऱ्यावर ‘चंदाबी’. कुठे ‘बी’ला आडनाव समजतात, कुठे इंग्रजी आद्याक्षर समजून त्यापुढे टिंब देतात. ‘बी’ गळाली तर नुसता ‘चांद’ उरतो, आणि चांद हे पुरुषाचेही नाव आहे! मग म्हाताऱ्या बाईला या खिडकीवरून त्या खिडकीवर खेटे घालावे लागतात. आपण तीच आहोत हे तिला सिद्ध करावे लागते. कागदांच्या या काळात ही चेष्टेची गोष्ट नाही. घरातल्या शिकल्या-सवरल्यांनी आपल्या दादी-नानीचे कागद एकदा नजरेखालून घालावेत आणि नाव सगळीकडे एकसारखे करून घ्यावे.

मुलींची नावे काय ठेवायची, हे ज्याचे त्याने ठरवावे. अरबी नावांशी आमचे वैर नाही, तीही आमचीच आहेत. पण ‘चांदबी’ला अडाणी म्हणू नये. या नावाचा एक शब्द या मातीतला आहे, एक बाहेरून येऊन इथे रुजलेला आहे. आपणही तसेच नाही का?