आत किती?

या प्रवासाला तिकीट नाही, अट मात्र एक आहे. पाहायचं, ऐकायचं, वास घ्यायचा, बोलायचं नाही. बोललात तरी त्या काळातल्या कुणाला ते ऐकू जाणार नाही.

साल १८९७. हिवाळ्यातली पहाट, अमरावतीचा कापूस बाजार. घोटाभर मऊ धुळीत तुमचे पाय रुतले आहेत. रात्रभर चालून आलेल्या बंड्यांची रांग लागली आहे. बैल सुटलेत, जू टेकलेत आणि प्रत्येक बंडीवर पांढरा डोंगर आहे. दवानं धोतरं ओली झालेले शेतकरी उकिडवे बसून चिलीम ओढताहेत. पलीकडे दलाल आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवताहेत. अमेरिकेतल्या यादवीनं इथल्या कापसाला सोन्याची कळा आणली, त्याला तीसेक वर्षं झाली. १८६७ मध्ये रूळ नागपूरपर्यंत पोचले आणि वऱ्हाडचा कापूस सरळ मुंबईकडे धावू लागला. यंदा तर वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी खास कायदाच झाला आहे. शेरभर माल इकडचा तिकडे झाला तर जाब विचारायची सोय झाली.

तेवढ्यात एक वास येतो. तुम्ही वऱ्हाडातले असाल तर सांगायला नको. जुन्या गोधडीला निखारा लागला की येतो तसा. कोरडा, घशात रेंगाळणारा. कुठल्यातरी चिलमीतली ठिणगी कुठल्यातरी बंडीत पडली आहे. जाळ कुठेच दिसत नाही. शेतकरी वरचा काळा पडलेला कापूस हातानं झटकतो आणि निश्चिंत होतो. तुम्ही ओरडायला तोंड उघडता आणि अट आठवते. कापसाची आग वर दिसत नाही, ती पोटात शिरते. दोन तंतूंच्या मधल्या हवेवर जगत, वाळवीसारखी बोगदा करत जाते आणि भलत्याच बाजूनं बाहेर येते.

येतेच. दोन बंड्या सोडून तिसरीतून धूर निघतो आणि बाजार उठतो. विहिरीवर घागरींची झुंबड. जो तो आपलं पाणी आपल्या ढिगावर ओततो. कुणी बैल सोडवतो, कुणी रुमालातले पैसे सांभाळतो. धीर सगळ्यांकडे आहे, कुणी पळालेला नाही. पण या गर्दीला तोंड नाही. अर्ध्या तासानं एका बंडीखालून आठ-नऊ वर्षांचं पोरगं खोकत, रांगत बाहेर येतं. बाप त्याला पाहून मटकन खाली बसतो. बंड्यांखाली किती पोरं झोपली होती, हे कुणी मोजलंच नव्हतं. कापूस तेवढा मोजून झाला होता.

आता गाठीच्या मागे मागे निघा. बडनेरा, अकोला, भुसावळ आणि सरळ मुंबई. पोचता तेव्हा १४ एप्रिल १९४४ ची दुपार आहे. समोर व्हिक्टोरिया डॉक, धक्क्याला लागलेलं ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं जहाज. फेब्रुवारीत इंग्लंडहून निघून कराचीमार्गे ते परवाच इथं आलं. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा आहे, सोन्याच्या १२४ विटा आहेत आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या ८,७०० गाठी आहेत. या गाठी वऱ्हाडच्या नाहीत. पण कापूस कुठल्या मातीतला आहे ते पाहून आग थोडीच लागते? दुसऱ्या नंबरच्या खणात खाली कापूस, वर स्फोटकं, अशी ती भरणी आहे.

दोनच्या सुमाराला जेवणाच्या सुट्टीनंतर गोदी कामगार खणात उतरतात आणि परत वर येतात. धूर. शेजारच्या जहाजांवरून काहींनी तो आधीच पाहिला होता. पण जहाज त्यांचं नव्हतं, म्हणून ते आपल्या कामाला लागले. तुमच्या नाकाला मात्र गोधडीचा वास कधीच लागला आहे.

इथून पुढचे दोन तास दातओठ खात पाहायचे. धक्क्यावरच्या बंबाचा माणूस ज्यादा कुमक मागवायला फोनकडे धावतो, तर फोनला डायलच नाही. तो धोक्याच्या घंटेची काच फोडतो. घंटेला बोलता येत नाही. नेहमीची वर्दी समजून दोन बंब येतात. स्फोटकांच्या जहाजाला आग लागल्याचं सांगणारा लाल बावटा चढत नाही. दारूगोळ्याचा जाणकार अधिकारी येतो आणि सांगतो, हे जहाज उडालं तर गोदी उडेल. मग धक्क्यावर खल सुरू होतो. जहाज जागीच बुडवावं का? ओढून खोल पाण्यात न्यावं का? की पाणी मारत राहावं? जहाजाचा कप्तान आहे, गोदीचा मुख्य अधिकारी आहे, अग्निशमन दलाचा प्रमुख आहे, लष्कराचा माणूस आहे. प्रत्येकाचा हुद्दा मोठा आणि प्रत्येकाची हद्द ठरलेली. या सगळ्या हद्दी ओलांडून एक हुकूम देईल असा माणूस तिथं नाही.

पाणी मात्र कोसळतं आहे. नऊशे टनांहून जास्त पाणी खणात गेलं, तरी धूर जिवंत. जहाजाच्या कुशीवर एका जागी रंगाला फोड येताहेत. आग नेमकी तिथं, पत्र्याच्या आत, गाठींच्या मागे आहे. पत्रा कापायला गॅस कटर आणतात, तो चालत नाही. डेकवर होज धरून उभे असलेले फायरमन पाय बदलत राहतात, तळवे पोळताहेत म्हणून. एकही मागे हटत नाही. तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम सुटतो. पण तो हुकूम जहाजापुरता असतो. शेजारच्या धक्क्यांवर माल चढतो आहे, उतरतो आहे. गोदी रिकामी करा, असं कुणी म्हणालेलं नाही.

चार वाजून सहा मिनिटं. तुम्हाला काही ऐकू येत नाही, नुसतं आभाळ फुटल्यासारखं दिसतं. अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट. पेटत्या गाठी आभाळातून वस्तीवर पडताहेत. सिमल्याच्या भूकंपमापकावर मुंबईचा हादरा उमटला. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. म्हणून १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात आणि वीस तारखेपर्यंत सप्ताह चालतो. सोन्याच्या विटा १२४ होत्या, हे पक्कं ठाऊक आहे. एकूण माणसं किती मेली, याचा आकडा मात्र आजही जो तो वेगळा सांगतो.

मुंबईहून परत फिरा. वऱ्हाड ओलांडून नागपूरला उतरा. १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालेलं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय वर्षभरात इथं आलं. वर्ष तुमच्या सोयीनं कुठलंही धरा. इथं तुम्ही नुसते पाहुणे नाही; अकोल्याहून आलेले प्रशिक्षणार्थी आहात, डोक्यावर हेल्मेट, पाठीवर हवेचा सिलिंडर. महिनाभर होज उलगडून गुंडाळून हातांना घट्टे पडलेत. शिडी लावताना बाजूचा मूर्तिजापूरचा सहकारी हळूच म्हणतो, “काल तू धुराले पानी मारून रायला होता लेका. धूर काय इझते? आगीले शोध, मंग मार.”

आज धुराच्या खोलीत जायचं आहे. आत डोळ्यांचा उपयोग नाही. एक हात भिंतीला, ती सोडायची नाही. सोडली की दिशा गेली. दुसरा हात पुढे, पण तळवा आपल्याकडे वळवलेला. विजेच्या तारेला तळवा लागला तर बोटं तिलाच मिठी मारतात. हाताची पाठ लागली तर हात झटक्यानं मागे येतो. पाय घासत न्यायचा, भार मागच्या पायावर. पुढची फरशी आहे की नाही ते पुढचा पाय सांगतो. आणि जोडीदाराला सोडून एक पाऊलही नाही.

पण या सगळ्याआधी दारात एक माणूस उभा असतो, फळा घेऊन. त्याला आग विझवायची नसते, आत डोकावायचंही नसतं. तुमच्या गळ्यातला बिल्ला तो काढून घेतो, फळ्यावर टांगतो. पुढे लिहितो: नाव, सिलिंडरमधला दाब, आत गेल्याची वेळ. मग हिशेब करतो, हा माणूस किती वाजता बाहेर यायला हवा. हवा संपत आली की सिलिंडरची शिट्टी वाजते. ती वाजायच्या आत तुम्ही परत त्याच्यासमोर उभं राहायचं. हवा परतीच्या वाटेचीही मोजून ठेवायची असते. वेळ टळली आणि बिल्ला फळ्यावरच असला, तर दुसरी जोडी आत पाठवायला तो कुणाची परवानगी घेत नाही.

पहिल्या दिवशी तुम्हाला वाटतं, हे कारकुनी काम. धुरातून बाहेर येता, मुखवटा काढता, घामानं डोळे चुरचुरत असतात, आणि तो माणूस न बोलता तुमचा बिल्ला तुमच्या हातात ठेवतो. तेव्हा १९४४ चा धक्का आठवतो. तिथं हुद्दे होते, होज होते, हिंमत होती. हा फळा घेतलेला माणूस नव्हता.

शिकलं म्हणजे सुटलं, असंही नाही. ९ मे २०१५, मुंबई, काळबादेवी. अरुंद गल्ली, जुनी इमारत, आग. इमारत कोसळते. संजय राणे आणि महेंद्र देसाई तिथंच जातात; त्याच महिन्यात भाजलेले सुधीर अमीन जातात आणि मग मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर. चारही अधिकारी. दलाचा सर्वांत वरचा माणूस स्वतः जागेवर होता. या गल्लीत उभं राहून शहाणपण सुचत नाही, टोपी काढावीशी वाटते. एवढंच कळतं की इमारत कधी कोसळेल, हे कुठल्या फळ्यावर लिहिता येत नाही. म्हणून आत माणूस पाठवण्याची वेळच येऊ नये, यासाठी इमारतीच्या मालकानं आधी काय केलं, हे विचारावं लागतं. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा तेच विचारतो: आगीची यंत्रणा चालू आहे, असं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्या.

आता घरी. अकोला, १४ एप्रिल, हेच साल. संध्याकाळ झाली तरी डांबर पायाला चटके देतं. सकाळी अग्निशमन केंद्रावर ६६ जणांसाठी दोन मिनिटं शांतता पाळून झाली. आणि आज बाबासाहेबांची जयंती. अशोक वाटिकेकडे निळे झेंडे, ढोल आणि माणसांचा पूर लोटला आहे. बंबावरच्या लोकांना आज सुट्टी नाही.

तुम्ही शिवणीकडच्या एका जिनिंगमध्ये सरकीचा भाव विचारायला आला आहात. दारात टांगलेल्या वाळूच्या बादल्यांत पानाच्या पिचकाऱ्या आहेत. आत रेचे घरघरताहेत. एखादा खडा, लोखंडाचा एखादा तुकडा कापसातून रोलरवर आला की ठिणगी. शेडमागे रुईच्या गाठींची थप्पी. आणि तिथून तो वास येतो. गोधडीचा.

फोरमन हसतो. “काही नाई बाप्पा, सकाळी उलसाक धूर झाला होता, पानी मारलं. इझलं थे. मालक येतीन उद्या, तवा पाहू.”

तुम्ही थप्पीला हाताची पाठ लावता. तिसऱ्या थराची गाठ गरम आहे. सवयीनं तोंड मिटून घेता. मग लक्षात येतं, ही तुमचीच वेळ आहे. ती अट इथं लागू नाही.

“रेचे बंद करा,” तुम्ही म्हणता. आवाज अनोळखी वाटतो. “मेन स्विच पाडा. थप्पी उकरू नका, हवा लागंल तिले. बायांनो, काम सोडा, गेटाबाहेर कडुलिंबाखाली उभ्या राहा. पाणी प्यायलाही परत आत यायचं नाही.”

“तुम्ही कोन सांगनारे?” फोरमन विचारतो. प्रश्न रास्त आहे. पण धूर आता त्यालाही दिसला आहे, आणि तो स्वतःच स्विचकडे पळतो.

तुम्ही गेटात उभे राहता. एकेक बाई बाहेर पडते, तसं बोट दुमडत जाता. फोनला डायल नाही, पण काच आहे, आणि तिच्यावर १०१ उमटतं. पलीकडचा आवाज शांत आहे. कुठं, काय पेटलं, रस्ता कुठून मोकळा? तुम्ही सांगता: जिनिंग, कापसाच्या गाठी, मिरवणूक चुकवून मागच्या रस्त्यानं या.

“आत किती?”

कडुलिंबाखाली तेवीस बाया, चार पोट्टे, फोरमन, हमाल दोन. तेवीस, चार, एक, दोन. सकाळच्या हजेरीच्या वहीत एकतीस. तुम्ही पुन्हा मोजता.

“एक,” तुम्ही म्हणता. “शेडमागे, थप्पीच्या उजव्या अंगाला झोपायची जागा आहे. तिथं एकजण.”