जयंतीच्या मंचावरचा कवी : वामनदादा कर्डक

सार्वजनिक उत्सव आणि लोकजागृती यांचे नाते सांगताना आपण बहुधा गणेशोत्सवातील मेळ्यांपाशी येऊन थांबतो. याच महाराष्ट्रात आणखी एक उत्सव उभा राहिला. त्याच्या पाठीशी ना देवस्थानाचे उत्पन्न होते, ना व्यापाऱ्यांच्या देणग्या. तो उत्सव म्हणजे १४ एप्रिलची आंबेडकर जयंती. आजचा हा धागा त्या उत्सवाच्या मंचावर सुमारे सहा दशके उभ्या राहिलेल्या एका कवीविषयी आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका. सत्यशोधक जलशाने तमाशाचा सांगाडा घेतला आणि आतला मजकूर बदलला. १९३० च्या दशकात नाशिकच्या भीमराव कर्डक यांनी हेच साधन आंबेडकरी चळवळीत आणले. पाणवठा, शाळा, मेलेली ढोरे ओढण्याचे काम, अंगारे-धुपारे हे त्यांच्या जलशांचे विषय. (भीमराव आणि वामनदादा या दोन निरनिराळ्या व्यक्ती आहेत, आडनाव आणि जिल्हा एकच असल्याने चांगल्या चांगल्यांचा घोटाळा होतो.)

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी झाला. शाळा त्यांना लाभली नाही. पोटासाठी मुंबईस आले, चाळीत राहिले, समता सैनिक दलात गेले. तेथे कोणीतरी एक पत्र वाचून दाखवावयास त्यांच्या हाती दिले. वाचता येत नाही हे सांगताना त्यांना रडू कोसळले. पुढे देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना अक्षरे शिकविली; उरलेला अभ्यास त्यांनी रस्त्यावरील दुकानांच्या पाट्या वाचून पुरा केला. त्यांच्या कवितेची दीक्षा मला येथेच दिसते. आपला श्रोता कोण आहे, त्याला काय येत नाही आणि ते न येणे किती बोचते, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

३ मे १९४३ रोजी मुंबईच्या राणीच्या बागेत त्यांनी पहिले गीत रचले. ते एका हिंदी चित्रपटगीताचे विडंबन होते. समीक्षकांना ही सुरुवात हलकी वाटेल, पण यातच पुढच्या पद्धतीचे बीज आहे. चाल श्रोत्याच्या कानात आधीच बसलेली असे; शब्द तेवढे नवे. एकदा ऐकलेले गीत दुसऱ्या दिवशी शेतात, गिरणीत, जात्यावर म्हणता येई. ज्या समाजात छापलेला कागद वाचणारा गल्लीत एखादाच सापडे, तेथे विचार पोहोचविण्याचा याहून जलद मार्ग कोणता होता?

१४ ऑक्टोबर १९५६ चे धर्मांतर आणि त्याच वर्षीचे ६ डिसेंबर, यांनंतर जयंतीचे रूप पालटले. नेता हरपला होता, धर्म नवा होता, जुने सण मागे पडत होते. त्या पोकळीत जयंती हाच वर्षाचा मोठा सण झाला. जलशाला नट, सोंगाड्या, वादक असा मोठा संच लागे. आता गायनपार्टी पुढे आली. पेटी, ढोलक, झील धरणारे दोघेतिघे आणि गायक, बस्स. वस्तीतील घराघरांतून वर्गणी गोळा होई आणि रात्री सुरू झालेला कार्यक्रम पहाटेपर्यंत चाले. नामवंत गायक एकाच तारखेला सगळीकडे कसे पोहोचणार? म्हणून गावे आपापली तारीख पुढे ढकलीत. अनेक खेड्यांत जयंती मे महिन्यापर्यंत रेंगाळते, त्याचे एक कारण हे आहे. कलावंताच्या सवडीनुसार उत्सवाचे पंचांग ठरावे, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

वामनदादा या वाटेने गावोगाव फिरले. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ या गाजलेल्या चित्रपटात त्यांचे गीत होते. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला. त्या वाटेने पुढे जाणे त्यांना अशक्य नव्हते, परंतु ते वस्तीतल्या मंचावरच राहिले. तेथे त्यांनी केवळ गौरवगीते गायिली असे समजू नये. श्रीमंतांना देशाच्या धनाचा हिशेब विचारणारी गीते त्यांच्याकडे आहेत, तशीच गटातटांत विभागलेल्या आपल्याच पुढाऱ्यांचे कान उपटणारीही आहेत. समोर पुढारी बसलेले असताना, त्यांच्याच उत्सवात असे गाणे म्हणायला धैर्य लागते.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सतावणारा प्रश्न. त्यांनी दहा हजार गीते रचली असे नेहमी सांगितले जाते. ‘वाटचाल’ हा संग्रह निघाला १९७३ साली, म्हणजे पहिल्या गीतानंतर ३० वर्षांनी. एकूण रचनेचा फार थोडा भाग पुस्तकांत आला. बाकीचे गायकांच्या वह्यांत, पातळ पुस्तिकांत, नंतर कॅसेटमध्ये आणि लोकांच्या तोंडी. शेकडो गायक एकच गीत गाऊ लागले की मूळ कर्ता हरवतो. तो हरवू नये म्हणून वामनदादांनी संतांची व शाहिरांची जुनी युक्ती वापरली : शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफणे. ती नाममुद्रा हाच आज आपला दस्तऐवज आहे. दप्तरखान्यात शिक्क्याचा कागद शोधण्याची सवय लागलेल्या आम्हा अभ्यासकांना अशी साक्ष स्वीकारणे जड जाते, आणि त्यापायी मराठी साहित्याच्या इतिहासात या परंपरेला दोन-चार ओळींवर भागवले जाते. हा दोष पुराव्याचा नाही, आमच्या सवयीचा आहे.

१९९३ मध्ये वर्धा येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे त्यांचे आत्मकथन. १५ मे २००४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. गावोगावच्या जयंत्या तेव्हा अजून संपावयाच्या होत्या.

आपल्या आजोबांच्या पेटीत गायनपार्टीची जुनी वही किंवा जयंतीत विकलेली गीतपुस्तिका असेल, तर तिची छायाचित्रे अवश्य काढून ठेवा. गाव, साल आणि गायकाचे नाव सोबत लिहा. चालही लिहिता आली तर फारच उत्तम. तीच आधी विसरली जाते.