माझं एक मत

वर्गात मास्तरांनी प्रश्न विचारला की ताडकन हात वर करणारी मुलं वेगळी, आणि पुढच्याच्या पाठीआड डोकं लपवणारी वेगळी. मी दुसऱ्या पंथाचा. पुढे संसारात पडल्यावर तर हात वर करायचा प्रसंगच आला नाही. आमच्या घरी ठराव एकमताने पास होतात, आणि ते एक मत माझं नसतं.

गेल्या महिन्यात सोसायटीची वार्षिक सभा झाली. विषय क्रमांक सात : म्हाताऱ्या वॉचमनकाकांना काढून एजन्सीचा माणूस ठेवणे. बावीस वर्षं काका गेटावर आहेत. सेक्रेटरींनी विचारलं, "मान्य?" लगेच "मान्य, मान्य!" असा गजर झाला. (बटाटेवडे येऊन पडले होते आणि त्यांचा वास सुटला होता, याची इतिहासाने नोंद घ्यावी.) मी "नाही" म्हणालो. म्हणजे म्हणालो असं मला वाटतं. शेजारच्या जोशांनी लवंग पुढे केली.

रात्री झोप येईना, तेव्हा जुनी पुस्तकं काढली. आरडाओरडा करून निवडणूक करण्याची कल्पना आमच्या सेक्रेटरींची नाही, स्पार्टाची आहे. तिथल्या वृद्धमंडळात अठ्ठावीस निवडून दिलेले सभासद असत, सगळे साठीच्या पुढचे आणि तहहयात. जागा रिकामी झाली की उमेदवार एकेक करून सभेसमोरून मुकाट्याने चालत जायचे आणि लोकांनी ओरडायचं. परीक्षक शेजारच्या बंद खोलीत! त्यांना माणूस दिसायचा नाही, फक्त ओरडा ऐकू यायचा. कितव्या उमेदवाराला सर्वांत मोठा आवाज झाला ते पाटीवर लिहायचं, की झाली निवड. अ‍ॅरिस्टॉटलने या पद्धतीला पोरकट म्हटलं आहे. त्याने आमची सभा पाहिली नव्हती.

अथेन्सकरांचं काम लेखी. एखादा पुढारी डोईजड झाला की फुटक्या मडक्याच्या खापरीवर त्याचं नाव कोरायचं. सहा हजार खापऱ्या जमल्या की दहा वर्षं हद्दपारी. इ. स. पूर्व ४८२ मध्ये ॲरिस्टायडीसवर ही पाळी आली. प्लूटार्क सांगतो, एका अडाणी खेडुताने त्यालाच, तो कोण हे न ओळखता, खापरीवर "ॲरिस्टायडीस" लिहून द्यायला सांगितलं. "त्याने तुझं काय वाकडं केलं?" "काही नाही हो. जो तो त्याला 'न्यायी, न्यायी' म्हणतो, ऐकून कान किटले." त्याने निमूटपणे आपलंच नाव लिहून दिलं. मला या गोष्टीत त्याच्या थोरपणापेक्षा त्या खेडुताचा हेवा वाटतो. गड्याला आपलं मत सांगता तरी आलं!

आपल्या लोकसभेतही आधी आवाजीच मतदान. पण अध्यक्षांचा कौल पटला नाही तर मतविभागणी मागता येते, मग एकेक मत मोजतात. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींच्या विश्वासदर्शक ठरावाला मिळाली २६९, विरोधात २७०. एका मताने सरकार पडलं. तेव्हा मी टीव्हीसमोर बसून "एका मताची किंमत" या विषयावर बायकोला व्याख्यान दिलं होतं. परवा सभेहून आल्यावर तिने एवढंच विचारलं, "अहो, मग तुम्ही मोजणी का नाही मागितलीत?"

मी वड्याबद्दल काहीतरी बोललो.

महिनाअखेरीस काका ट्रंक घेऊन निघाले. मी वीस पावलं त्यांच्याबरोबर गेलो. सभेच्या दिवशी ते हॉलच्या बंद दाराबाहेर स्टुलावर होते.

"साहेब, एक विचारू? त्या दिवशी आत कुणीतरी 'नाही' म्हणाल्यागत वाटलं. कोण होतं?"

मी चष्मा पुसला.

"कुणी खोकलं असेल," मी म्हणालो, आणि त्यांची ट्रंक रिक्षात ठेवली.