एरी: धागा आणि घास

रेशमाचा इतिहास बहुधा धाग्याच्या बाजूने लिहिला जातो. आसामातील एरीचा इतिहास चुलीच्या बाजूनेही वाचावा लागतो. हा पतंग पूर्णतः पाळीव आहे. आसामचाच मुगा उघड्यावर, झाडांवर वाढतो. एरीच्या अळ्या मात्र घरात, मुख्यतः एरंडाची पाने घालून पोसल्या जातात. नावातही एरंडच आहे. विल्यम रॉक्सबर्ग यांनी बंगालमधील रेशीमकिड्यांविषयी १८०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्याला ‘अरिंडी’ म्हटले.

एरीचा कोश एका टोकाला उघडा असतो. त्यातून अखंड तंतू उलगडता येत नाही. तो कापसासारखा कातावा लागतो. साहजिकच पतंग उडून गेल्यावरही कोश वाया जात नाही, आणि बाजारात हे वस्त्र ‘अहिंसा रेशीम’ म्हणून मिरवते. परंतु बोडो, राभा, मिसिंग अशा समाजांत पक्व अळ्या व कोशातील कीटक आवडीने खाल्ले जातात. पुढच्या पिढीपुरते पतंग तेवढे राखले जातात. पाळणाऱ्या स्त्रीला एकाच कष्टातून वस्त्र मिळते आणि अन्नही. धागा निष्पाप ठरविण्यासाठी तिची चूल नजरेआड करणे म्हणजे तिच्या श्रमाचा अर्धा इतिहास पुसणे होय.