ओल

मोठा पाऊस उघडला की आबा खुरपं घेऊन रानात जायचे. बांधापासून दहा-पंधरा पावलं आत बसून कोपरभर उकरायचे आणि तळातली माती मुठीत दाबून बघायचे. लाडू वळला की धोतराला हात पुसत म्हणायचे, “ओलीला ओल मिळाली.” मगच पेरणीसाठी घरातून पाभर बाहेर निघायची.

आमचं रान मंगळवेढ्याच्या काळ्या पट्ट्यातलं. इथली मालदांडी ज्वारी पेरल्यावर पाऊस येईलच असं नाही. मातीच्या पोटात साठलेली ओल आणि थंडी, एवढ्यावर ती पुरुषभर वाढते. पण काळी माती वाळली की भेगाळते आणि भेगांतून ओल उडून जाते. म्हणून आबा बैलांना मुसकी बांधून कोळपं धरायचे, भेगा बुजवत ताटांच्या ओळींमधून चालायचे. “एक कोळपणी म्हंजी आर्धं पाणी!” आमच्या रानात विहिरीआधी हे पाणी होतं. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला आधी आठवली ती आबांची कोळपणी.

हुरड्याच्या आगटीभोवती बसलं की दामाजीपंतांची गोष्ट निघायचीच. दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाचं कोठार लोकांसाठी उघडलं, आणि विठोबा स्वतः त्याचे पैसे भरून आला. आबा मनापासून हात जोडायचे. मग आगटीत काटकी सारत म्हणायचे, “कोठार उघडलं पंतांनी. पर भरलं हुतं कुणी?”

१९७२ साली खुरपं कोपरभर गेलं तरी खालून फुफाटाच निघाला. आबा-आजी दुष्काळी कामावर गेले. आबा माती खणायचे, आजी पाटीनं बांधावर टाकायची. रेशनला अमेरिकेची तांबडी मिलो मिळे. तिची भाकरी थापताना कडेनं चिरत जायची, हे आजी सांगायची तेव्हा तिचे तळवे आपोआप फिरायचे. घरात राख कालवून ठेवलेली मालदांडी होती. ते बियाणं होतं. पोरं मिलो खाऊन रडली, तरी त्या मडक्याला कुणी हात लावला नाही. त्याच दुष्काळात कस लागलेली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी पुढे १९७७ साली कायद्यात उतरली. आबांच्या लेखी ती म्हणजे शिवारातला पाझर तलाव. त्याच्याखालच्या विहिरींना पाणी टिकू लागलं, हे ते दरवर्षी नव्यानं सांगायचे.

शेवटच्या वर्षी ते अंथरुणावर होते. हस्ताचा पाऊस रात्रभर लागला. सकाळी मी म्हणालो, “आबा, झकास पाऊस झाला.”

“ओलीला ओल मिळाली का?”

मला सांगता येईना. खुरपं घेऊन रानात गेलो. वीतभर चिखल, खाली चार बोटं कोरडा थर, त्याखाली पुन्हा गार माती. कोरड्या थरातलं ढेकूळ आणून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते अंगठ्यानं दाबलं, मोडलं, बोटांत चोळलं.

“चुलत्याला सांग, पाभर जुपू नको म्हणावं. आजून एक पाऊस लागंल.”