पुतळी नाण्याचा निर्णय : नंदुरबारची वाट व डच दुकाट

जुन्या वाटणीपत्रांत व दागिन्यांच्या यादींत 'पुतळी' हा शब्द वारंवार आढळतो. सभासदानें शिवछत्रपतींच्या खजिन्याची जी याद दिली आहे तींतही मोहरा व होन यांच्या जोडीला पुतळ्या आहेत. पुतळी म्हणजे व्हेनिसचें सोन्याचें नाणें, असा अर्थ सरसकट लावण्याची रीत पडली आहे. आमच्या मतें तो अपुरा आहे. नाण्यावरील मनुष्याकृतीवरून हें नांव पडलें. आणि तशी आकृति डच दुकाटावरही आहे.

नेदरलंडच्या संयुक्त प्रांतांनीं इ. स. १५८६ मध्यें या दुकाटाचें स्वरूप ठरविलें. वजन सुमारें साडेतीन ग्रॅम, म्हणजे तोळ्याच्या तृतीयांशाहून किंचित् कमी. सोनें शेंकडा ९८ वर. एका बाजूस चिलखत घातलेला उभा वीर, उजव्या हातीं तलवार, डाव्या हातीं प्रांतांच्या ऐक्याची खूण म्हणून बाणांची जुडी. दुसऱ्या बाजूस चौकटींत लॅटिन लेख. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत यंत्र येईपर्यंत हें नाणें दोन ठशांमध्यें चकती ठेवून हातोड्यानें पाडीत. त्यामुळें कडा वेड्यावांकड्या व छाप बहुधा एकीकडे सरकलेला दिसतो. हा दोष नव्हे, जुनेपणाची खूण होय.

तें इकडे कोणत्या वाटेनें येऊं शकलें? सुरत इ. स. १५७३ मध्यें अकबराच्या ताब्यांत आली. डचांचें पाऊल तेथें १६१६ त पडलें. सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जाणारा हमरस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर असा होता. १६१० त फिंच, १६१५ त टॉमस रो व पुढें टॅव्हर्निए याच वाटेनें गेले. आईन-इ-अकबरींत नंदुरबार हें माळवा सुभ्यांतील सरकार म्हणून नोंदलें आहे. युरोपच्या मालास इकडे गिऱ्हाईक थोडें. म्हणून कापड व नीळ यांची किंमत सोन्याचांदींत चुकती करावी लागे.

परंतु मोगली अमलांत परकीं नाणीं टांकसाळींत वितळवून त्यांच्या मोहरा व रुपये पाडीत, व सराफ बट्टा कापीत. तेव्हां या वाटेवर दुकाट हें चलन म्हणून नव्हे, तर वजनी सोनें म्हणून चालणेंच स्वाभाविक होतें. जें मुशींतून वांचलें तें कडी लागून माळेंत गेलें. पुढें तर सोनारांनीं देवतांच्या छापाच्या पातळ चकत्या करून त्यांनाही पुतळ्याच म्हटलें.

व्हेनिसचें नाणें व दुकाट यांचें वजन जवळजवळ सारखें, होनाचेंही फार वेगळें नाहीं. कसांतील फरक शेंकडा एकाच्या आसपास. म्हणून तराजूवर निर्णय होत नाहीं. छापच पाहिला पाहिजे. व्हेनिसच्या नाण्यावर संत मार्कापुढें गुडघे टेकलेला डोजे व मागें ताऱ्यांच्या वलयांत ख्रिस्त असतो, वर्ष नसतें. डच दुकाटावर एकटा वीर, वर्ष व प्रांताचीं अक्षरें असतात.

यास्तव संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, कागद छापतांना 'पुतळी' शब्दापुढें कंसांत 'व्हेनिसचें नाणें' असें घालूं नये. मूळांत दर व वजन असेल तें जसेंच्या तसें द्यावें. घरची माळ सोनाराकडे मोडीस जाण्यापूर्वीं प्रत्येक पुतळीचे दोन्ही बाजूंचे ठसे, वर्ष व वजन टिपून ठेवावें. कागद पुन्हां नकलतां येतो. मुशींत गेलेलें नाणें पुन्हां वाचतां येत नाहीं.