सनद ठेवून दिलेला वकील

१९७९ साली ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका मोठ्या कारखान्यात मी विधी अधिकारी म्हणून रुजू झालो. त्याच आठवड्यात मला एक अर्ज लिहावा लागला. 'मी पूर्णवेळ पगारी नोकरी पत्करली आहे, सबब माझी सनद स्थगित करावी.' अर्ज बार कौन्सिलकडे गेला आणि काळा कोट कपाटात. आईला हे काही केल्या पटेना. वकील म्हणून नोकरी लागली, तर वकिली सोडायची कशाला, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी.

तिचा प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नव्हता. १९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्याखाली बार कौन्सिलने जे नियम केले, त्यांतला ४९ वा नियम सांगतो की पूर्णवेळ पगारी नोकराने वकिली करू नये. नोकराला मालकाचं ऐकावं लागतं आणि वकील तर न्यायालयालाही बांधलेला असतो, हा त्यामागचा विचार. सरकार आणि सार्वजनिक महामंडळांच्या विधी अधिकाऱ्यांना त्यातून सवलत होती, तीही २००१ मध्ये गेली. खासगी कारखान्यातल्या आम्हा लोकांना ती कधी नव्हतीच.

मग आम्ही करायचो काय? सकाळी टपाल उघडलं की कारखाना निरीक्षकाची नोटीस, जकात नाक्यावर अडकलेला ट्रक, विक्रीकराची तारीख, आणि सगळ्यांच्या सह्या झाल्यावर मुद्रांक लावायचा राहिला म्हणून माझ्या टेबलावर आलेला करार. हायकोर्टात दावा लागला की फाईल घेऊन फोर्टातल्या सॉलिसिटरकडे जायचं, त्यांनी काउन्सेलला समजावायचं, आणि आपण मागच्या बाकावर बसून पुढे चिठ्ठ्या पोचवायच्या. कायदा आपल्याला पाठ, पण तोंड उघडायची सोय नाही!

एका जागी मात्र आम्हाला बोलता येई. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात अशी तरतूद होती, की कामगार न्यायालयात किंवा औद्योगिक न्यायाधिकरणात वकील आणायचा तर दुसऱ्या बाजूची संमती हवी आणि न्यायाधीशांची परवानगीही. मालकाने नामवंत वकील उभा करून गरीब कामगाराला चिरडू नये, हा हेतू. पारादीप पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणात १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला, की कंपनीने वकिलालाच नोकरीत घेतलं तर? न्यायालयाने म्हटलं, तो कंपनीच्या पगारावर आणि ताब्यात असेल, वकिली करत नसेल, तर त्याच्याकडे कायद्याची पदवी आहे म्हणून त्याला अडवता येणार नाही. थोडक्यात, सनद ठेवून दिल्यामुळे जिथे वकिलाला बंदी, तिथे आम्हाला मुभा.

कारखान्यातल्या एन्क्वायरीचं याच्या उलट झालं. चार्जशीट दिलेल्या कामगाराची चौकशी कारखान्यातच होई. कंपनीची बाजू मी मांडायची आणि कामगाराच्या शेजारी युनियनचा एखादा सहकारी बसायचा. १९८३ च्या निकालसंग्रहात मुंबई बंदराच्या विश्वस्तांविरुद्धचा नाडकर्णी प्रकरणाचा निकाल छापून आला. तिथे चौकशीत बंदराची बाजू त्यांच्या विधी सल्लागारांनीच मांडली होती, आणि कर्मचाऱ्याला मात्र वकील नाकारला होता. एका बाजूला कायदा शिकलेला माणूस बसवता, मग दुसऱ्याला वकील नाकारणं हा न्याय नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. म्हणजे इथे आम्ही पुरेसे वकील ठरलो.

आमच्या कंपनीने त्यावर तोड काढली. पर्सोनेल खात्यातला एक अधिकारी पुढे बसू लागला आणि मी शेजारच्या केबिनमध्ये. प्रश्न मी लिहून द्यायचे, त्याने वाचायचे. कायद्याच्या अक्षरात हे बसत होतं. मला त्याची लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा युक्तीचं कौतुकच वाटलं.

१९८४ मध्ये मशीन शॉपमधल्या एका टर्नरची एन्क्वायरी अशीच झाली. सगळे त्यांना मामा म्हणत. आरोप एवढाच, की रात्रपाळीत पहाटे चारला ते मशीनशेजारी झोपलेले सापडले. कागद पाहताना टाइम ऑफिसमधलं त्यांचं कार्ड माझ्या हाती आलं. त्यावर लागोपाठ दोन पाळ्यांचे शिक्के होते. दुपारी साडेतीनला आलेला माणूस, रात्रपाळीचा बदली आला नाही म्हणून सुपरवायझरनेच थांबवून घेतलेला. मी वरिष्ठांना नोट लिहिली, की हे कार्ड चौकशीत दाखवलं पाहिजे, नाहीतर बडतर्फी टिकणार नाही. उत्तर तोंडी आलं. तेव्हाच्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याप्रमाणे सर्वसाधारणपणे दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नव्हतं. ओव्हरटाइमची सूट असली तरी तिलाही मर्यादा. कार्ड बाहेर काढायचं म्हणजे निरीक्षकाला आपणच आमंत्रण द्यायचं. "तुम्ही वकील कोणाचे, कंपनीचे ना?" असं विचारून साहेबांनी फाईल मिटली. मामा बडतर्फ झाले.

प्रकरण कामगार न्यायालयात गेलं. त्यांच्या युनियनने आमच्या वकिलाला संमती नाकारली, म्हणून पारादीपच्या आधाराने मीच उभा राहिलो. त्यांनी कार्ड मागितलं. ते 'सापडत नाही' असं टाइम ऑफिसने कळवलं होतं, मी तेच सांगितलं. मग त्यांनी चौकशीची अंतर्गत टिपणं मागितली. त्यावर मी मुंबई उच्च न्यायालयाचा १९८२ मध्ये छापलेला निकाल पुढे केला. मालकाला सल्ला देणाऱ्या पगारी विधी सल्लागारालाही बॅरिस्टर-ॲटर्नीइतकंच गोपनीयतेचं संरक्षण आहे, असं त्यात म्हटलं होतं. न्यायाधीशांनी ते मान्य केलं. माझीच नोट मीच झाकली.

सहा वर्षांनी निकाल लागला तो एका चिठ्ठीवर. मामांच्या पत्नीने पगाराच्या सगळ्या चिठ्ठ्या दोऱ्यात ओवून ठेवल्या होत्या. त्या महिन्याच्या चिठ्ठीत ८ तासांचा ओव्हरटाइम दुप्पट दराने दिलेला होता, आणि महिन्यातला तेवढाच. तो कोणत्या रात्रीचा, याचं उत्तर आमच्या साक्षीदाराला देता आलं नाही. झोप लागली हे खरं, पण बडतर्फीची शिक्षा भलतीच, असं म्हणून न्यायाधीशांनी कलम '११-अ'खाली ती बदलली. मामांना कामावर घ्या, अर्धा मागचा पगार द्या, असा आदेश झाला.

३१ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की कंपनीतला पगारी विधी सल्लागार हा वकिली करणारा ॲडव्होकेट नव्हे, म्हणून ॲडव्होकेटला असलेलं गोपनीयतेचं संरक्षण त्याला मिळणार नाही. मालक आणि तो यांच्यातला पत्रव्यवहार त्या आडोशाला येत नाही. पुढच्याच महिन्यात, २१ नोव्हेंबरला, औद्योगिक विवाद कायद्याची जागाही नव्या संहितेने घेतली. बातमी वाचली तेव्हा मला ती नोट आठवली, आणि मामा कामावर परतले ती सकाळ.

गेटवर ते थांबले होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती त्यांची. मला म्हणाले, "साहेब, आमच्या मंडळींनी चिठ्ठ्या जपल्या म्हणून निभावलं. तुमच्या कागदांत खरंच काही नव्हतं का हो?"

मी म्हणालो, "नव्हतं, मामा."

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)